गाठ सापडल्यानंतर

टाटा रुग्णालयाने १९९८ साली मुंबईच्या झोपडपट्ट्यांमध्ये स्तनांच्या कर्करोगाविषयी एक मोठा अभ्यास सुरू केला. ३५ ते ६४ वयोगटातल्या सुमारे दीड लाख स्त्रिया त्यात होत्या. निम्म्या वस्त्यांमध्ये प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हाताने स्तनांची तपासणी करत आणि उरलेल्या वस्त्यांमध्ये केवळ कर्करोगाविषयी माहिती दिली जाई. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, तपासणी झालेल्या गटात रोग तुलनेने लवकरच्या टप्प्यात सापडला आणि पन्नाशीच्या पुढच्या स्त्रियांमध्ये या रोगाने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. सगळी वये एकत्र धरली तर घट १५ टक्क्यांची होती आणि तीही संख्याशास्त्राच्या कसोटीवर ठामपणे सांगता येईल अशी नव्हती. पन्नाशीच्या आतल्या स्त्रियांच्या मृत्युदरात तर फरक दिसलाच नाही. हे सारे डॉक्टरांशिवाय आणि मॅमोग्राफीच्या, म्हणजे स्तनांचा एक्स-रे काढणाऱ्या, यंत्राशिवाय साधले होते, म्हणून आमच्यासारख्या वस्तीपातळीवर या रोगाबद्दल स्वयंसेवी काम करणाऱ्यांना या अभ्यासाचे अप्रूप वाटते.

मात्र त्याच आकड्यांनी आमच्या कामातला दोषही दाखवून दिला. आमचे बहुतेक माहितीचे कार्यक्रम संक्रांतीच्या हळदीकुंकवाला जोडून होतात, कारण बायका आयत्या जमतात, सभागृहाचे भाडे पडत नाही आणि वाणाबरोबर पत्रकही हातात देता येते. या समारंभाला तरुण सुवासिनी नटूनथटून येतात. पन्नाशी-साठीच्या विधवा मात्र येत नाहीत, कारण त्यांना बोलावण्याची रीतच नाही. म्हणजे तपासणीचा फायदा ज्या वयात ठळक दिसला, त्याच वयाच्या कित्येक बायका आमच्या निमंत्रणातून वगळल्या जात होत्या. आता आम्ही भजनी मंडळात आणि दुपारी नातवंडांना घेऊन अंगणवाडीच्या पायरीवर बसणाऱ्या आज्यांमध्ये जातो. तिथे प्रश्न अधिक मोकळेपणाने विचारले जातात, हा अनपेक्षित लाभ.

माहिती देणे हा या कामाचा सोपा भाग आहे. न दुखणारी गाठ, स्तनाच्या आकारात किंवा त्वचेत झालेला बदल, आत ओढले गेलेले किंवा रक्तमिश्रित स्राव येणारे बोंड, काखेतली गाठ, यांपैकी काहीही आढळले तर डॉक्टरांना दाखवावे, हे दहा मिनिटांत सांगून होते. बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात, हेही तितक्याच ठळकपणे सांगावे लागते, नाहीतर भीतीपोटी बायका तपासायलाच येत नाहीत. खरी अडचण गाठ सापडल्यानंतर सुरू होते. ‘दुखत नाही ना, मग राहू दे’, ‘सुई लागली की गाठ पसरते’, ‘मुलीचं लग्न उरकलं की बघू’ ही वाक्ये शब्दाचाही फरक न होता आम्ही घरोघरी ऐकतो. सुईने तुकडा काढून तपासल्याने रोग पसरत नाही, हे पत्रकात छापून पटत नाही. ज्या बाईने स्वतः ती तपासणी करून घेतली आहे आणि जी आज समोर चहा पीत बसली आहे, तिच्या तोंडून ते पटते.

म्हणून आम्ही सोबत जाण्यावर भर देतो. पहाटेची गाडी, केस पेपरची रांग, रिपोर्ट कुठल्या खिडकीवर मिळतो, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसाठी कोणती कागदपत्रे लागतील, हे ज्याला आधीपासून ठाऊक आहे असे माणूस बरोबर असले की बाई अर्ध्यातून परत फिरत नाही. एका मावशींच्या कापडी पिशवीत सोनोग्राफीचा रिपोर्ट रेशनकार्डाच्या घडीत कित्येक आठवडे पडून होता. तो हरवू नये म्हणून जपून ठेवला होता, पण दाखवायचा कोणाला हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. केमो किती वेळा, ‘लाईट’ (किरणोपचार) घ्यावी लागेल का, स्तन ठेवता येईल का, हे प्रश्न आम्ही कागदावर लिहून देतो आणि उत्तरे डॉक्टरांकडून घ्यायला लावतो. ‘काही होणार नाही, बऱ्या व्हाल’ असे बोलण्याची आमच्या गटात सक्त मनाई आहे, कारण ते आमच्या हातात नसते.

शस्त्रक्रियेनंतर मात्र जी बाई स्वतः त्यातून गेली आहे तिचाच शब्द चालतो. अमेरिकेत टेरीस लॅसर यांनी स्वतःच्या शस्त्रक्रियेनंतर १९५२ साली अशाच रुग्णभेटी सुरू केल्या आणि त्यातून ‘रीच टू रिकव्हरी’ हा उपक्रम उभा राहिला. आमच्याकडची ताई घरी येते, दार लोटून घेते आणि भिंतीसमोर उभी राहून बोटे एकेक करत वर चढवून दाखवते. फिजिओथेरपिस्टने शिकवलेला हा व्यायाम बायका दुखण्यामुळे सोडून देतात, म्हणून ती बोटे पोहोचली तिथे पेन्सिलीने खूण करते आणि पुढच्या आठवड्यात त्या खुणेच्या वर जायचे ठरवून देते. हाताला सूज आली तर कोणाला सांगायचे, ब्लाउजमध्ये रुमाल कोंबण्याऐवजी सुताची विणलेली हलकी गादी कशी बसवायची, हे त्याच बैठकीत होते. नवरा बाहेर ओट्यावर बसलेला असतो. त्यालाही कोणीतरी समजावून सांगायला हवे, पण पुरुष स्वयंसेवक मिळत नाहीत, ही आमची जुनी रड आहे.

आमचा गट हौशी आहे आणि सवड मिळेल तसा काम करतो. गावोगावी हाच भार आशा ताईंवर आहे. तिशीच्या पुढच्या प्रत्येक स्त्री-पुरुषाची माहिती भरून घेणे आणि तपासणीसाठी पाठवणे हे त्यांचे ठरलेले काम आहे, तरी सरकारदरबारी त्यांची नोंद स्वयंसेविका अशी असल्यामुळे त्यांना पगार मिळत नाही, मोबदला मिळतो. ज्यांच्या घरी दोन पैसे येतात त्यांनी स्वयंसेवा करावी, हे ठीक. पण आशा ताई बाईला घेऊन जिल्हा रुग्णालयात गेली, तर तिचा दिवस आणि एसटीचे भाडे तरी वेळेवर मिळाले पाहिजे.