शुक्रवारी दुपारी अडीच वाजता आलेला फोन

मी न्यूजर्सीत एका वकिलांच्या ऑफिसात पॅरालीगल, म्हणजे वकिलाची मदतनीस आहे, घर खरेदी-विक्रीच्या फाइल्स बघते. मार्चमधला शुक्रवार होता, दुपारचे अडीच वाजलेले, कुणाकडून तरी नंबर घेऊन एका मराठी मुलाचा फोन आला. ताई, आम्ही घर घेतोय, कॉन्ट्रॅक्टवर दोन्हीकडच्या सह्या झाल्यात, एजंट म्हणते छापील फॉर्म आहे, वकिलाला दीड हजार डॉलर कशाला द्यायचे, कायद्याने सक्तीही नाहीये, पण बायको हटून बसलीये की एकदा दाखवून घे.

सक्ती नाही हे खरंय. साउथ जर्सीत तर कितीतरी लोक वकिलाशिवाय, मालकीचे कागद तपासणाऱ्या टायटल कंपनीकडूनच क्लोजिंग, म्हणजे खरेदीचा शेवटचा व्यवहार, करून घेतात. मी एवढंच विचारलं, सही झालेली कॉपी हातात कधी आली? म्हणाला मंगळवारी संध्याकाळी. मी हातातलं काम तिथेच ठेवलं.

इथे घराचं कॉन्ट्रॅक्ट एजंटने भरलेलं असलं की त्यात अ‍ॅटर्नी रिव्ह्यूचं, म्हणजे वकिलाकडून तपासून घेण्याचं कलम असतं. वकिलांची संघटना आणि एजंट यांच्यातल्या वादात १९८३ साली राज्याच्या सुप्रीम कोर्टाने जी तडजोड मान्य केली, त्यातून ते आलंय. कॉपी मिळाल्यापासून कामाचे तीन दिवस, तेवढ्यात तुमच्या वकिलाने नापसंतीचं पत्र धाडलं की कॉन्ट्रॅक्ट बांधून ठेवत नाही, कारणसुद्धा द्यावं लागत नाही. आणि गप्प बसलात तर आहे तसं लागू. बुध, गुरु, शुक्र. म्हणजे आजच संपत होतं, आणि त्या बिचाऱ्याला वाटत होतं निवांत सोमवारी बघू.

त्याने कॉन्ट्रॅक्ट आणि घराचे फोटो पाठवले. आमचे वकील सर कॉन्ट्रॅक्ट वाचत होते, मी फोटो बघत बसले. किचन, बेडरूम, सगळं नवीन रंगवलेलं. मग बेसमेंटचा एक फोटो, वॉशिंग मशीनच्या मागे भिंतीतून खाली दोन बारीक तांब्याच्या नळ्या बाहेर आलेल्या, टोकं चिमटून बंद केलेली. घर १९५० च्या दशकातलं, आता गॅसवर चालणारं. अशा नळ्या मी खूप फाइल्समध्ये पाहिल्यात, पूर्वी घर तेलावर तापायचं, गॅस आला की नळ्या कापल्या आणि तेलाची टाकी मात्र अंगणात पुरलेली तशीच राहिली. ती गंजते, तेल मातीत उतरतं आणि घर तुमच्या नावावर झालं की ते साफ करायची जबाबदारी तुमची, घराचा नेहमीचा इन्शुरन्स बहुतेक वेळा हात वर करतो, खर्च कधीकधी कित्येक हजार डॉलरच्या घरात जातो.

कॉन्ट्रॅक्टमध्ये टाकीबद्दल अक्षर नव्हतं. सरांनी नापसंतीच्या पत्रात घातलं की अंगण तपासू द्या, टाकी निघाली तर क्लोजिंगच्या आधी विकणाऱ्याने स्वतःच्या खर्चाने काढायची, माती साफ झाल्याचं राज्याच्या पर्यावरण खात्याचं पत्र द्यायचं, नाहीतर डिपॉझिट परत. चार वाजून वीस मिनिटांनी पत्र गेलं आणि मिळाल्याचं दोन्ही एजंटांकडून कळेपर्यंत मी फोन सोडला नाही.

त्या मुलाची एजंट चिडली, म्हणाली तुम्ही डील मोडणार. बाई वाईट नव्हती, महिनोन्महिने घरं दाखवत फिरली होती, पण तिला कमिशन घर विकलं गेलं तरच मिळतं. बँकेचा वकील बँकेचं कर्ज सांभाळतो, टायटल कंपनी मालकीचे कागद बघते, अंगण खणत नाही. हे घर घेऊ नका असं म्हटल्यावर ज्याचं काहीच बुडत नाही असा माणूस या सगळ्यात एकच असतो, तुमचा वकील. म्हणूनच मी ओळखीच्या प्रत्येकाला सांगते, सही करायच्या आधीच वकील ठरवून ठेवा.

पुढच्या आठवड्यात विकणाऱ्यांनी बदल मान्य केले, टाकी निघालीच. मे मधलं क्लोजिंग ऑगस्टवर गेलं, कर्जाच्या व्याजाचा दर धरून ठेवायला या नवरा-बायकोला वर पैसे भरावे लागले, तो मधेच वैतागून म्हणाला सोडून देऊ का. मग टाकी काढली त्या दिवशी त्याच्या बायकोने मला फोटो पाठवला, साखळीला लटकलेली टाकी, बुडाला मूठ जाईल एवढं भोक आणि खालची माती काळीकुट्ट.

क्लोजिंगला दोघं आले तेव्हा किल्ल्या त्याने घेतल्या. तिने आधी पर्यावरण खात्याच्या पत्राची आणखी एक कॉपी मागितली आणि फाइलमध्ये सगळ्यात वर लावली.