तुम्ही विचारलेत म्हणून: ग्लुटाथायोनची गोळी आणि मेंदू

मेंदूच्या पेशींवर संशोधन करते असे कळले की ओळखीतले कोणी ना कोणी विचारतेच, "ग्लुटाथायोनच्या गोळ्यांनी मेंदूला फायदा होतो का हो?" माझे उत्तर 'फारसा नाही' असे असते, कारण मात्र पेशीच्या आवरणावर शोधावे लागते.

शरीराच्या वजनात मेंदूचा वाटा जेमतेम २ टक्के, पण ऑक्सिजन तो सुमारे २० टक्के वापरतो. त्यातून निर्माण होणाऱ्या घातक रेणूंना आवर घालणारे ग्लुटाथायोन पेशी स्वतःच ग्लुटामेट, सिस्टेइन आणि ग्लायसीन या तीन अमिनो आम्लांपासून घडवते. गोळीतल्या ग्लुटाथायोनचे पोटातच बरेचसे विघटन होते, आणि अखंड रेणू पेशी सहसा आत घेत नाहीत. खरा तुटवडा असतो तो सिस्टेइनचा. पेशीबाहेर ते बहुधा जोडीने, म्हणजे सिस्टीनच्या रूपात सापडते आणि एक्ससीटी नावाचे वाहक प्रथिन ते आत आणते. येथे उधारी चालत नाही: सिस्टीनचा एक रेणू आत घ्यायचा तर ग्लुटामेटचा एक रेणू बाहेर द्यावाच लागतो.

उंदराच्या मेंदूपासून मिळवलेल्या एचटी२२ पेशींच्या बशीत संध्याकाळी भरपूर ग्लुटामेट घातले, तर ही अदलाबदल अडते आणि तळाला चिकटून पसरलेल्या पेशी सकाळपर्यंत गोल होऊन तरंगू लागतात. ग्लुटामेटने उत्तेजित होणारे नेहमीचे ग्राही, म्हणजे त्याचा संदेश पकडणारी प्रथिने, या पेशींत जवळपास नसतातच. त्या मरतात ग्लुटाथायोन संपल्यामुळे. नाक मुरडायला लावणाऱ्या वासाचे मरकॅप्टोइथेनॉल किंचित घातले की सिस्टेइन दुसऱ्या वाहकावाटे आत शिरते आणि पेशी तगतात.

मग एक्ससीटीच वाढवावे का? ग्लायोमा या मेंदूच्या गाठीतल्या पेशी नेमके तेच करतात. त्या स्वतः सुरक्षित राहतात, पण बाहेर टाकलेल्या ग्लुटामेटमुळे शेजारच्या चेतापेशी बिथरतात आणि रुग्णाला झटके येऊ शकतात. शिवाय चेतापेशींची भिस्त मुख्यतः ईएएटी३ या वेगळ्या वाहकावर असते. तो नसलेल्या उंदरांच्या चेतापेशींत ग्लुटाथायोन कमी पडते आणि वयाबरोबर मेंदूची झीज होते, असे २००६ मध्ये दिसून आले.

पॅरासिटामॉलच्या अतिमात्रेवर डॉक्टरही ग्लुटाथायोन न देता सिस्टेइन पुरवणारे एन-ॲसिटिलसिस्टेइन देतात, आणि यकृत वाचते. मेंदूला मात्र रक्त आणि मेंदू यांच्यामधला अडसर आहे; म्हणून यकृताचा हा अनुभव मी मेंदूला लावत नाही आणि स्वतःही असली कोणती गोळी घेत नाही.