पीएचडीचा अर्ज आणि ‘मुख्य विषय (एकच निवडा)’

पीएचडीच्या नोंदणीत सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो असं विचारलं की लोक प्रवेश परीक्षेचं नाव घेतात, नाहीतर गाइड मिळण्याचं. माझ्या बाबतीत या दोन्ही गोष्टी सुरळीत पार पडल्या, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. मला छळलं ते ऑनलाइन अर्जातल्या एका रकान्याने. ‘मुख्य विषय (एकच निवडा)’. नोंदणी होऊन आता बराच काळ लोटला, तरी तो रकाना आठवला की डोकं तापतं. असाच आडवातिडवा विषय घेऊन कुणाला संशोधन करायचं असेल तर उपयोग व्हावा म्हणून लिहितेय, आणि खरं सांगायचं तर मनातली जळजळ ओकून टाकावी म्हणूनही.

माझा विषय सायबरनेटिक्स आणि तंत्रज्ञान, भाषा नि समाज यांच्याशी असलेलं त्याचं नातं. ‘सायबर’ म्हटलं की फक्त ऑनलाइन फसवणूक आठवणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. एखादं यंत्र, एखादं शरीर किंवा एखादा कारखाना आपल्या कृतीचा परिणाम तपासतो आणि त्यानुसार पुढची कृती बदलतो. हे फीडबॅकचं चक्र कसं चालतं आणि कुठे बिघडतं, याचा हा अभ्यास. नॉर्बर्ट वीनर या अमेरिकी गणितज्ञाने १९४८ साली पुस्तक लिहून हे नाव रूढ केलं. मुळाशी होतं दुसऱ्या महायुद्धातलं काम. वेडंवाकडं उडणारं विमान पुढच्या क्षणी कुठे असेल ते ओळखून तोफेचा नेम धरायचा, तर वैमानिक, यंत्र आणि तोफ चालवणारा या तिघांचं मिळून एकच गणित मांडावं लागतं.

त्यानंतर हा विषय कुणा एकाचा राहिलाच नाही. १९४६ ते १९५३ या काळात मेसी फाउंडेशनने अमेरिकेत यावर दहा परिषदा भरवल्या. त्यांत गणितज्ञ जॉन फॉन नॉयमन होते, मेंदूचा अभ्यास करणारे वॉरन मॅकलक होते आणि मार्गारेट मीड व ग्रेगरी बेट्सन हे मानववंशशास्त्रज्ञही होते. आता या मंडळींची मिळून विद्याशाखा कोणती, ते सांगा. मला सांगता आलं नाही, आणि पोर्टल मात्र उत्तर दिल्याशिवाय पुढचं पान उघडेना.

आधी मी ‘संगणकशास्त्र’ निवडलं. भरपूर वाट पाहिल्यावर शेरा आला: ‘विषय सदर विद्याशाखेच्या कक्षेत येत नाही. योग्य विद्याशाखेकडे सादर करावा.’ योग्य कोणती ते सांगायची पद्धत नसावी. मग ‘समाजशास्त्र’ निवडलं. तिथून उत्तर आलं, ‘विषय तांत्रिक स्वरूपाचा आहे.’ भाषाविज्ञानाच्या प्राध्यापकांना अर्ज भरण्याआधीच जाऊन भेटले. ते आपुलकीने बोलले. ‘विषय छान आहे हो, पण यातलं शॅननचं गणित तपासणार कोण?’ (म्हणजे क्लॉड शॅनन या अमेरिकी गणितज्ञाचा माहिती सिद्धांत.) या सगळ्या टोलवाटोलवीत हा एकच प्रश्न खरा होता. तो लक्षात ठेवा, पुढे कामाला येतो.

अर्ज परत आला की तो दुरुस्त करता येत नाही. जुना रद्द करायचा, नवा भरायचा, सगळी कागदपत्रं पुन्हा चढवायची. प्रत्येक फेरीत त्रुटी नव्या. पहिल्या खेपेला चालून गेलेली स्कॅन केलेली सही दुसऱ्या खेपेला ‘अस्पष्ट’ ठरली. सही तीच, फाइल तीच. (शेरा आला की लगेच त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. अर्ज रद्द केला की शेराही पोर्टलवरून गायब होतो, आणि नंतर ‘तुम्हाला असं कोणी कळवलं?’ असं तुम्हालाच विचारतात.)

शेवटी वैतागून यादीतला तळाचा पर्याय निवडला: ‘इतर’. खरी मजा इथून सुरू झाली. ‘इतर’चा अर्ज कुणी फेटाळत नाही. कुणी मंजूरही करत नाही. स्टेटस ‘विचाराधीन’. आज ‘विचाराधीन’, पुढच्या महिन्यात ‘विचाराधीन’. ईमेल केला तर उत्तरात पोर्टल पाहण्याची सूचना, आणि पोर्टलवर शंकांसाठी ईमेल करण्याची सूचना. फीडबॅकचा अभ्यास करायला निघालेल्या बाईला एवढा बंद पडलेला फीडबॅक बघायला मिळावा, यावर घरच्यांनी आणि मित्रांनी भरपूर विनोद करून घेतले. मला तेव्हा हसू येत नव्हतं.

मग रोज फोन लावायला सुरुवात केली. एके दिवशी संशोधन कक्षातल्या एका बाईंनी स्क्रीन उघडून पाहिली आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, ‘मॅडम, खरं सांगू का? प्रत्येक विषयाला एक समिती जोडलेली आहे. इतरला जोडलेलीच नाही. तुमचा अर्ज आम्हाला दिसतो, पण पुढे पाठवायचं बटणच येत नाही.’

म्हणजे इतका काळ माझ्या अर्जाचा विचार कुणीच करत नव्हतं.

त्या काळात मी रॉस ॲश्बी वाचत होते. हा इंग्रज मनोविकारतज्ज्ञ. १९५६ साली त्याने सायबरनेटिक्सची जी ओळख लिहिली, तिच्यात एक नियम आहे: बाहेरून जितक्या तऱ्हांची गडबड येऊ शकते, तितक्या तऱ्हांची उत्तरं नियंत्रकाजवळ नसतील तर नियंत्रण सुटतं. विविधतेला आवर घालते ती विविधताच. हे परीक्षेपुरतं पाठ करायला बरं असतं. ‘विचाराधीन’ या शब्दाकडे बघत बसल्यावर ते अंगाला लागतं. फॉर्म बनवणाऱ्याला वाटतं की यादी आटोपशीर केली म्हणजे काम आटोपशीर झालं. तसं होत नाही. यादीत न मावलेलं सगळं खिडकीच्या अलीकडे ढकललं जातं आणि कुणाच्या तरी डोक्यावर बसतं. बहुतेक वेळा ते डोकं अर्जदाराचं असतं. नशीब बरं असेल तर बटण नसतानाही वाट काढणाऱ्या एखाद्या कर्मचाऱ्याचं.

माझं नशीब बरं होतं. त्या बाईंनी पोर्टल बाजूला ठेवलं आणि समितीच्या सचिवांना सरळ फोन केला. हे ऐकून मला चिलीचा सायबरसिन प्रकल्प आठवला. १९७१ मध्ये चिलीचे समाजवादी राष्ट्राध्यक्ष साल्वादोर आयेंदे यांच्या सरकारने स्टॅफर्ड बीअर या ब्रिटिश तज्ज्ञाला बोलावून राष्ट्रीयीकृत कारखान्यांचा कारभार फीडबॅकच्या तत्त्वावर बांधायला घेतला होता. त्याच्या नियंत्रण कक्षाचे फोटो सगळीकडे दिसतात: सहा कोनी खोली, सात गुबगुबीत खुर्च्या, भिंतीवर पडदे. पण १९७२ च्या ऑक्टोबरात ट्रकमालकांनी संप केला तेव्हा ती खोली तयारही नव्हती. तेव्हा कामाला आली ती कारखान्यांना जोडणारी साधी टेलेक्स यंत्रं, म्हणजे तारेवरून टंकलेले निरोप पाठवणारी. कुठे माल अडलाय, कोणता रस्ता मोकळा आहे, कुठले ट्रक चालू आहेत, याचे निरोप त्यांवरून फिरले आणि सरकारला पुरवठा टिकवता आला. पुढच्या वर्षी सप्टेंबरात लष्कराने सत्ता घेतली आणि प्रकल्प संपला. माझ्या प्रकरणात टेलेक्सचं काम त्या फोनने केलं. पोर्टलची पानं खुर्च्यांइतकीच देखणी होती.

सचिवांकडून खरी अडचण कळली, आणि ती ‘कक्षेत येत नाही’पेक्षा कितीतरी साधी निघाली. विषय मान्य करताना समितीला पुढे प्रबंध कोण तपासणार याचाही अंदाज लागतो. चार शाखांत पसरलेल्या मथळ्याला परीक्षक सुचत नाहीत, म्हणून जो तो अर्ज पुढे ढकलतो. हे एक वाक्य शेऱ्यात लिहिलं असतं तर मी पहिल्याच फेरीत मोकळी झाले असते. गाइड मॅडम म्हणाल्या, ‘अगं, त्यांना तुझ्या विषयाचं काही वावडं नाहीये. त्यांना दोन नावं सुचायला हवीत. सुचतील असा विषय दे.’

म्हणून मथळा आवळला. जुना मला अजूनही जास्त आवडतो, पण नवा मान्य झाला: १९४९ ते १९६६ या काळातलं यांत्रिक भाषांतर आणि सायबरनेटिक विचार. यात तंत्रज्ञान, भाषा, समाज तिन्ही येतात, फक्त मथळ्यावर तिघांची नावं नाहीत. गोष्टही जबरदस्त आहे. रॉकफेलर फाउंडेशनच्या वॉरन वीव्हरला युद्धातल्या सांकेतिक लिपीच्या उकलीवरून वाटलं की रशियन लेख म्हणजे संकेतात लिहिलेला इंग्रजी लेखच समजावा. १९४७ मध्ये त्याने हे वीनरला कळवलं. आता वीनरनेच टाळ्या वाजवायला हव्या होत्या ना? पण त्याने उलट लिहिलं की निरनिराळ्या भाषांतल्या शब्दांच्या सीमा फार धूसर असतात, त्यांना चिकटलेल्या भावना नि छटा फार पसरलेल्या असतात, त्यामुळे यंत्राकडून फारशी आशा नाही. वीव्हर थांबला नाही. जुलै १९४९ मध्ये त्याने आपलं टिपण तज्ज्ञांना पाठवलं. ७ जानेवारी १९५४ रोजी न्यूयॉर्कमध्ये आयबीएमच्या संगणकाने २५० शब्द आणि सहा नियमांच्या बळावर रशियन वाक्यं इंग्रजीत आणून दाखवली, आणि तीन ते पाच वर्षांत काम फत्ते होणार अशी हवा झाली. शीतयुद्ध होतं, रशियन कागद वाचायचे होते, सरकारी पैसा आला. १९६६ मध्ये अमेरिकी सरकारने यांत्रिक भाषांतराच्या तपासणीसाठी नेमलेल्या अल्पॅक समितीने अहवाल दिला की यंत्राचं भाषांतर माणसाच्या भाषांतरापेक्षा संथ, कमी अचूक आणि महाग पडतंय. पैसा आटला.

‘मुख्य विषय’ मग ‘भाषाविज्ञान’. शॅननचं गणित कोण तपासणार याचं उत्तर मी आराखड्यातच देऊन ठेवलं: गणिताच्या प्राध्यापकांना सहमार्गदर्शक घेतलं. परीक्षक कोणत्या क्षेत्रांतले असू शकतील यावरही अर्धं पान लिहिलं. नावं लिहू नका, ते बरं दिसत नाही. क्षेत्रं लिहा.

आराखड्याच्या पहिल्या पानावर आणखी एक गोष्ट टाकली, ती सगळ्यांना सांगते. ग्रंथालयांनी हा प्रश्न कधीच सोडवलेला आहे. ड्यूईच्या पद्धतीत सायबरनेटिक्सला ००३.५ हा क्रमांक आहे, सार्वत्रिक दशमान पद्धतीत ००७. म्हणजे दोन्हीकडे त्याला सगळ्या शास्त्रांच्या आधी, सामान्य वर्गात बसवलंय. समितीला क्रमांक दाखवले की विषयाला जरा वजन येतं. मात्र पुस्तकं शोधताना त्याच कपाटापुढे उभे राहू नका. बेट्सन मानववंशशास्त्रात सापडतो, बीअर व्यवस्थापनात, आणि सोव्हिएत सायबरनेटिक्स इतिहासात. त्या सोव्हिएत प्रकरणाने मला फार धीर दिला. १९५४ च्या तिथल्या तत्त्वज्ञान कोशात या विषयाला ‘प्रतिगामी छद्मविज्ञान’ म्हटलं होतं, आणि १९६१ च्या पक्षकार्यक्रमात तोच विषय सन्मानाने आला. माझ्या समितीने त्यामानाने लवकर मन वळवलं म्हणायचं.

सादरीकरणात अपेक्षित प्रश्न आलाच: ‘एआयच्या जमान्यात हे जुनं कशाला उकरताय?’ मी तयार होते. म्हटलं, सर, १९५६ च्या अमेरिकेतल्या डार्टमाउथ कॉलेजातल्या बैठकीसाठी जॉन मॅकार्थी या संगणकशास्त्रज्ञाने ‘कृत्रिम बुद्धिमत्ता’ हे नाव निवडलं, त्यामागे सायबरनेटिक्सपासून आणि वीनरपासून लांब राहणं हेही एक कारण असल्याचं त्याने नंतर स्वतः सांगितलंय. कुणापासून लांब जायचं होतं ते कळल्याशिवाय आजचं एआय कुठे उभं आहे ते कसं कळणार? त्यावर सरांनी मान डोलावली आणि पुढच्या उमेदवाराला बोलावलं. तो दिवस माझा होता.

वाचनाची सुरुवात वीनरच्या १९४८ च्या पुस्तकाने करू नका, मधल्या प्रकरणांतलं गणित धाप लावतं. त्याचंच १९५० चं समाजावरचं पुस्तक, ‘द ह्यूमन यूज ऑफ ह्यूमन बीइंग्ज’, आधी घ्या. ॲश्बीच्या वह्या तर सोडूच नका. १९२८ पासून आयुष्याच्या शेवटापर्यंत लिहिलेल्या २५ वह्या, ७१८९ पानं, सगळ्या ऑनलाइन फुकट पाहता येतात. विचार जागच्या जागी कसा बदलत गेला ते त्याच्या हस्ताक्षरात दिसतं.

आणि हो, मेसी परिषदांमधून अवतरणं घेणार असाल तर दोन गोष्टी तपासा. पहिल्या पाच परिषदांचे वृत्तांत छापलेच गेले नाहीत, त्यामुळे ‘१९४६ च्या परिषदेत अमुक असं म्हणाला’ हे वाक्य दिसलं की ते कुठून आलं ते आधी शोधा. आणि पुढच्या पाचांचे जे संवाद छापले आहेत तेही जसेच्या तसे नाहीत. बोलणाऱ्यांना आपापली वाक्यं दुरुस्त करायला मिळाली होती, संपादकांनीही हात फिरवला होता. अवतरणाखाली एक ओळ टाकून हे नोंदवा. मला सादरीकरणात दुसरा प्रश्न नेमका यावरच आला होता.