दांडेकर पुलाजवळचं मेडिकल आणि चार गोळ्या

ऑगस्ट २०२४ मधला एक दिवस माझ्या डोक्यातून जात नाहीये. तीन-चारदा लिहायला बसले आणि सोडून दिलं, कारण लिहायचं तर आमच्याच कामाबद्दल बोलावं लागतं आणि ते आमच्यातल्या काही जणांना आवडणार नाही. पण मनात ठेवूनही काही होत नाही, म्हणून लिहिते.

आधी काम काय ते सांगते, नातेवाईकसुद्धा विचारतात की तू नक्की करतेस काय. अँटिबायोटिक्सना जंतू दाद देईनासे झालेत, त्याला एएमआर म्हणतात. २०१९ या एका वर्षात जगभरात १२ लाख ७० हजार माणसं थेट त्यामुळे गेली आणि ४९ लाख ५० हजार मृत्यूंमध्ये त्याचा हात होता, त्यातले थेट गेलेले आपल्या देशातले जवळपास ३ लाख. आमची पुण्यातली छोटी संस्था यावर दोन टोकांना काम करते. एकीकडे मेडिकलची दुकानं, छोटे दवाखाने, पोल्ट्री, आणि दुसरीकडे दिल्ली, जिनिव्हा, न्यूयॉर्कला धोरणांचे जे मसुदे तयार होतात त्यावर आपलं म्हणणं लेखी पाठवायचं, बाकी देशांतल्या संस्थांबरोबर मिळून निवेदन काढायचं, आणि एकेका शब्दासाठी आठवडेच्या आठवडे मेल लिहीत बसायचं. त्या ऑगस्टमध्ये दोन्ही टोकं एकदमच तापली होती. २६ सप्टेंबरला संयुक्त राष्ट्रांची एएमआरवर मोठी बैठक होणार होती, २०१६ नंतर पहिल्यांदाच, आणि इकडे पुण्यात झिका, डेंग्यू, चिकनगुनिया, घरटी एक तापाचा पेशंट. तिन्ही व्हायरसचे ताप, अँटिबायोटिकचा काडीचा उपयोग नाही, आणि तरी मेडिकलच्या काउंटरवर ॲझिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकची पाचशे मिलिग्रॅमची स्ट्रिप चुरमुऱ्यासारखी जात होती.

त्या दिवशी सकाळी आम्ही एच-वन रजिस्टर बघायला निघालो होतो. मी आणि फार्मसी झालेला एक मुलगा, नुकताच आमच्याकडे लागलेला. हे एच-वन प्रकरण बाहेरच्या लोकांना माहीत नसतं. मार्च २०१४ पासून नियम आहे की वरच्या पायरीची अँटिबायोटिक्स, टीबीची औषधं आणि काही झोपेच्या गोळ्या अशी सुरुवातीला ४६ औषधं शेड्यूल एच-वनमध्ये. ती विकली की दुकानदारानं वेगळ्या रजिस्टरमध्ये डॉक्टरचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध, किती दिलं हे तिथल्या तिथं लिहायचं आणि ते रजिस्टर तीन वर्षं ठेवायचं. आम्ही काही इन्स्पेक्टर नाही, दुकानदारानं स्वतःहून दाखवलं तरच बघतो, कुठल्याही दुकानाचं नाव आमच्या रिपोर्टात येत नाही, म्हणून दाखवतात.

रजिस्टर वाचायला मला मनापासून आवडतं, आणि ते मला चांगलं येतं हेही सांगते. खरं रजिस्टर घाणेरडं असतं. तीन पेनं, दोन अक्षरं, कुठं चहाचा डाग, डॉक्टरच्या नावावर खाडाखोड, आणि आकडे वाकडेतिकडे, ६, १०, ४, १५. महिनाअखेर एका बैठकीत भरलेलं रजिस्टर लगेच कळतं, एकच शाई, ओळीत बसलेलं अक्षर, सगळे आकडे १० नाहीतर २०, आणि पेशंट कितीही असले तरी डॉक्टर तेच दोन. शंका आली तर डिस्ट्रिब्यूटरची बिलं मागायची. तीन महिन्यांत सेफिक्झिम या अँटिबायोटिकच्या किती स्ट्रिप आल्या, फळीवर किती उरल्यात, आणि रजिस्टरवर किती गेल्यात, एवढी वजाबाकी केली की मधला आकडा हा बिनचिठ्ठीचा माल. कितीतरी दुकानांत हा मधला आकडा रजिस्टरच्या आकड्यापेक्षा मोठा निघतो. हे सगळं औषध खात्यानं करायचं काम आहे. तिथली माणसं कमी आहेत हे मान्य, पण दहा वर्षं जुना नियम एखाद्या संस्थेच्या दोन माणसांनी वही घेऊन तपासावा लागतो याचा मला संताप येतो आणि येतच राहणार.

तर दांडेकर पुलाजवळचं एक मेडिकल. मालक साठीचे, सगळे त्यांना काका म्हणतात. त्यांचं रजिस्टर खरं होतं. घाणेरडं आणि खरं. मला इतका आनंद झाला की मी त्या मुलाला शेजारी बसवून पानं दाखवत होते, बघ हे असं असतं. अकरा-सव्वाअकराची वेळ असेल. तेवढ्यात एक बाई आल्या. पावसात भिजलेल्या, हातात कामाची पिशवी, दोन घरची कामं उरकून तिसऱ्या घरी चालल्या असाव्यात. त्यांनी काउंटरवर स्ट्रिपचा कापलेला तुकडा ठेवला. आपल्याकडे सुट्या गोळ्या कात्रीनं कापून देतात ना, तसा, दोन रिकामी घरं आणि मागं सेफिक्झिम या नावाचा अर्धा भाग. लाल रेघ मात्र पूर्ण दिसत होती. ती रेघ म्हणजे चिठ्ठीशिवाय घेऊ नका, २०१६ मध्ये त्याची सरकारनं मोठी मोहीम केली होती.

"काका, ह्या चार द्या. दोनशेच्या."

काकांनी तुकडा उलटा करून बघितला, मग माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात काय होतं ते मला तेव्हाच कळलं. मी नसते तर त्यांनी दिल्या असत्या.

"कोणाला पायजे?"

"पोरीला. सातवीत आहे. चार दिवस झाले ताप, लघवीला जळजळतंय म्हणते. मागच्या टायमाला ह्यानीच उतरला होता."

"ताई, चिठ्ठी आणा डॉक्टरची. नाही देता येत असं."

"मागं दिल्या होत्या की तुम्हीच."

काका काही बोलले नाहीत. बाईंनी एकदा माझ्याकडे बघितलं, माझ्या वहीकडे, त्या मुलाच्या गळ्यातल्या ओळखपत्राकडे. भांडल्या नाहीत. तुकडा उचलला, पिशवीत टाकला आणि गेल्या. सगळं मिळून दोन मिनिटं लागली असतील.

आणि पहिला अर्धा मिनिट मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू. इतकी वर्षं आपण जे ओरडतोय ते डोळ्यासमोर झालं, दुकानदारानं नाही म्हटलं. त्या मुलानं फॉर्मवर "चिठ्ठीशिवाय विक्री नाकारली" यापुढं टिक पण केली.

मग माझ्या पोटात गोळा आला. मी पंधरा वर्षं लॅबमध्ये काढलीत, युरिन कल्चर हजारो लावलीत. प्लेटवर जंतू पसरायचे, वर अँटिबायोटिकच्या चकत्या ठेवायच्या, रात्रभर ठेवून सकाळी चकतीभोवतीचा मोकळा गोल मिलिमीटरमध्ये मोजायचा. जितका गोल मोठा तितकं औषध चालतं. माझ्या डोळ्यांदेखत सिप्रोफ्लॉक्सॅसिनचे गोल वर्षागणिक लहान होत गेले आणि शेवटी शेवटी तर जंतू थेट चकतीला चिकटून वाढलेले दिसायचे. त्यामुळे मला माहीत होतं की सातवीतल्या मुलीला जळजळ आणि चार दिवस ताप म्हणजे हा बहुतेक व्हायरल नाही. साधं लघवीचं इन्फेक्शन असेल तर नायट्रोफ्युरँटोइनसारखी आधीच्या पायरीची गोळी असते. जागतिक आरोग्य संघटनेनं अँटिबायोटिक्सचे तीन गट केलेत, ॲक्सेस, वॉच आणि रिझर्व्ह. नायट्रोफ्युरँटोइन ॲक्सेसमध्ये, म्हणजे आधी वापरायचं, सेफिक्झिम वॉचमध्ये, म्हणजे जपून वापरायचं. पण ताप आहे म्हणजे इन्फेक्शन किडनीपर्यंत चढलेलं असू शकतं, आणि नायट्रोफ्युरँटोइन लघवीत उतरतं, किडनीच्या आत पुरेसं पोचत नाही. म्हणजे तिथं तपासायला डॉक्टरच हवा, कल्चर हवं, आणि औषध मात्र नक्की हवं. त्या पोरीला अँटिबायोटिकची गरज नव्हती असं मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. उलट गरज असण्याचीच शक्यता जास्त. चार गोळ्या चूकच होत्या, तेवढ्यानं इन्फेक्शन पुरतं जाईलच असं नाही. पण शून्य गोळ्या बरोबर होत्या का?

मी धावत बाहेर गेले. पुलाकडे बघितलं, कॅनॉलच्या बाजूला बघितलं, जनता वसाहतीच्या चढापर्यंत जाऊन आले. छत्र्याच छत्र्या. नाही सापडल्या.

काकांनी परत आल्यावर मला जे सांगितलं ते ऐकून घेण्यासारखं होतं. जवळच्या सरकारी दवाखान्याची ओपीडी सकाळची, त्या वेळी ह्या बायका लोकांच्या घरी भांडी घासत असतात. केसपेपर, रांग, डॉक्टर, मग लघवीची तपासणी दुसऱ्या दिवशी, म्हणजे दोन दिवसांचे खाडे. प्रायव्हेट डॉक्टर दोनशे-तीनशे घेणार, वर औषधं वेगळी. "मॅडम, माझ्याकडे ती येते कारण मी रात्री दहापर्यंत उघडा असतो." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. दर नोव्हेंबरात १८ ते २४ जागृती सप्ताह असतो, आम्ही पोस्टर लावतो, शाळांत बोलतो, पण त्या बाईंना जागृत करायचं काय होतं? जपून ठेवलेला तुकडा घेऊन आल्या होत्या त्या, नाव, ताकद सगळं माहीत होतं.

माझं बालपण पिंपरीला एच.ए. कॉलनीत गेलं. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, १९५४ ची कंपनी, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीनं उभी राहिलेली, १९५५ पासून तिथं पेनिसिलिन निघायला लागलं. वडील तिथं फर्मेंटेशनला होते. कारखान्याचा तो आंबूस वास अजून आठवतो मला. वडील सांगायचे की हे इथं का बनवायचं, तर आपल्या माणसाला परवडावं म्हणून. त्या घरात वाढलेली मी आणि माझ्यामुळे एक बाई औषधाविना परत गेली, हे मला झेपत नव्हतं. दुपारी डबा तसाच राहिला.

त्याच रात्री साडेआठला कॉल होता, जिनिव्हात संध्याकाळचे पाच. सगळ्या देशांतल्या संस्थांचं एकत्र निवेदन शेवटचं नक्की करायचं होतं. सगळं लक्ष ३० टक्क्यांवर. संयुक्त राष्ट्रांच्या जाहीरनाम्याच्या मसुद्यात पहिल्यांदा असं होतं की शेती आणि पशुपालनातला अँटिबायोटिकचा वापर २०३० पर्यंत निदान ३० टक्के कमी करायचा, आणि तो आकडा काढायला मोठ्या मांस निर्यातदारांचा दबाव आहे असं सगळ्यांना वाटत होतं. हा मुद्दा माझ्याही जिव्हाळ्याचा, कारण कोंबड्यांच्या खाद्यातलं कोलिस्टिन आपल्याकडे जुलै २०१९ मध्ये बंद झालं त्याआधी ते कसं पोत्यांनी विकलं जायचं ते मी पाहिलंय, आणि कोलिस्टिन म्हणजे आयसीयूतलं शेवटचं शस्त्र. पण माझा डोळा आमच्या निवेदनातल्या चौथ्या मुद्द्यावर होता. "प्रिस्क्रिप्शनशिवाय अँटिबायोटिकच्या विक्रीवर कडक बंदी आणि अंमलबजावणी." हा मुद्दा आमच्या संस्थेनंच घातला होता. त्याचं पहिलं वाक्य मीच लिहिलं होतं, जूनमध्ये.

मी हात वर केला. म्हटलं, याला जोडून एक वाक्य पाहिजे, की जिथं विक्री बंद करायची तिथं चालत जाण्याच्या अंतरावर, कामगार माणसाला जमेल अशा वेळेला फुकट तपासणी आणि ॲक्सेस गटातली औषधं असली पाहिजेत, आणि दोन्ही एकाच वेळी. सकाळचं सांगितलं थोडक्यात. संचालन करणाऱ्या बाई फार चांगल्या आहेत, मनापासून काम करतात, पण त्या म्हणाल्या की मजकूर बंद झालाय, सह्या आल्यात, आता शब्द बदलला तर सगळ्यांना परत विचारावं लागेल. आमच्या दिल्लीच्या सहकाऱ्यानं वेगळा मेसेज टाकला की हा आरोग्यव्यवस्थेचा प्रश्न आहे, एएमआरचा नाही, विषय पातळ करू नकोस. यावर माझं त्याच्याशी अजून पटलेलं नाही. माणूस हुशार आहे, पण गेल्या कित्येक वर्षांत मेडिकलच्या काउंटरवर तासभर उभा राहिलेला नाही. केनियाहून बोलणारा एक जण तेवढा म्हणाला की आमच्याकडे निम्म्या गावांत औषधाचं दुकान हाच दवाखाना आहे, ती म्हणतेय ते बरोबर आहे. मग वेळ संपली, परत ३० टक्के.

२६ सप्टेंबरला बैठक झाली. जाहीरनाम्यात एएमआरशी संबंधित मृत्यू २०३० पर्यंत १० टक्क्यांनी कमी करायचं आलं, माणसांत वापरल्या जाणाऱ्या अँटिबायोटिकपैकी किमान ७० टक्के ॲक्सेस गटातली असावीत हेही आलं, आणि त्याबद्दल मला खरंच आनंद झाला, कारण त्या ७० टक्क्यांमागं आमच्यासारख्या कितीतरी लोकांच्या रात्री आहेत. ३० टक्के मात्र गेले, त्याजागी "लक्षणीय घट करण्याचा प्रयत्न" एवढंच राहिलं. आमच्या चौथ्या मुद्द्याकडे कोणी फार बघितलं नाही. पुढच्या वर्षी एक अभ्यास आला, भारतासह आठ देशांचा, की कार्बापेनेम या अगदी वरच्या पायरीच्या अँटिबायोटिकलाही दाद न देणाऱ्या जंतूंचं इन्फेक्शन झालेल्यांपैकी जेमतेम ६.९ टक्के लोकांनाच योग्य औषध मिळतं. मी तो दिल्लीला पाठवला. उत्तर आलं, वाचतो.

काकांकडे मी त्यानंतर चारदा जाऊन आले. दुसऱ्याच दिवशी गेले, आठवड्यानं गेले, दिवाळीच्या आधी गेले. शेवटी डिसेंबरात त्यांनी मला खुर्ची दिली, चहा मागवला आणि म्हणाले, "मॅडम, अशा रोज दहा येतात हो. तुमची कुठली, मी कसं सांगू?" पोरीचं काय झालं मला माहीत नाही. बाईंनी पुढच्या दुकानातून घेतल्या असतील, तशी दुकानं त्या रस्त्यावर कमी नाहीत. किंवा नसतील घेतल्या.

आमच्या फॉर्मवर मी एक रकाना वाढवलाय, "औषध नाकारलं तर पुढं कुठं पाठवलं?" मुलं विचारतात, मॅडम, यात काय लिहायचं. मी सांगते दुकानदार म्हणेल ते शब्दशः लिहा, दवाखान्याचं नाव, वेळ, अंतर, जे सांगतील ते. आत्तापर्यंत जेवढे फॉर्म आलेत त्यातल्या बहुतेकांवर एकच ओळ आहे, "चिठ्ठी आणायला सांगितली."