आधी पगारचिठ्ठी, मग कोयता

नाशिकच्या कामगाराच्या घरावर कादंबरी लिहायला बसलेली बरीच मंडळी थेट रक्तापासून सुरुवात करतात. सिडको वसाहतीतली गल्ली, रात्र, कोयता, पळापळ. तीस पानांत दोन खून पडतात आणि घरात महिन्याला पैसे किती येतात ते शेवटपर्यंत कळत नाही.

आधी पगार मांडा. बाप अंबड औद्योगिक वसाहतीत, पत्रा दाबून सुटे भाग काढणाऱ्या प्रेसशॉपमध्ये ठेकेदाराकडे आहे, पगार 13,000. सोपं जावं म्हणून कपात पूर्ण रकमेवर धरू. पीएफ 12 टक्के, म्हणजे 1,560. ईएसआय, म्हणजे कामगार राज्य विमा, 0.75 टक्के, 98 रुपये. व्यवसाय कर 200. हातात 11,142. फेब्रुवारीत व्यवसाय कर 300 कापतात, तेव्हा त्यातले आणखी शंभर जातात. हे शंभर ज्या बाईने जानेवारीतच धरून ठेवलेत, तिच्या काटकसरीवर वेगळा परिच्छेद खर्चायची गरज नाही.

मग अपघात. इथे लेखक रडारडीकडे वळतात आणि मशीन बघायचं राहून जातं. जुन्या की-क्लचच्या पॉवर प्रेसला एकदा पेडल बसलं की फेरी पुरी झाल्याशिवाय रॅम, म्हणजे वरून आदळणारा ठोकळा, थांबत नाही. हात आत असला तर असला. दोन्ही हातांनी दोन बटणं दाबायची सोय असते ती यासाठीच. पण नग वाढवायचे असले की एका बटणात पाचर ठोकून ते दाबलेलंच ठेवतात आणि मोकळ्या हाताने पत्रा सरकवतात. वायरिंग साधं असेल तर प्रेस ही फसवणूक चालवून घेते. पाचर कोणी ठोकली, सुपरवायझरने पाहिली का, त्या दिवशी टार्गेट किती होतं, एवढं आलं की प्रसंग उभा राहतो.

खरी उत्कंठा त्यापुढे आहे, आणि ती आहे एका नोंदीत. कामावरची इजा म्हणून नोंद झाली तर ईएसआयकडून साधारण 90 टक्के मजुरी मिळते, आधी किती दिवस भरले ते विचारत नाहीत. बोट कायमचं गेल्याची मासिक भरपाईही याच वाटेने येते. नुसतं आजारपण म्हणून गेलं तर 70 टक्के, वर्षाला जास्तीत जास्त 91 दिवस, आणि तेही सहा महिन्यांच्या वर्गणीच्या काळात 78 दिवस भरले असतील तर. ‘घरी जिन्यावरून पडलो असं सांग’ हे ठेकेदाराचं एक वाक्य म्हणूनच कोयत्याइतकं धारदार आहे. ते त्याने हळू आवाजात, चहा पाजत म्हणावं.

आता घरात खड्डा पडला. बायको बचत गटातून आधीच उचल घेऊन बसलेली, भिशी लागायला चार महिने. मग गल्लीतल्या ‘भाऊ’कडून 20,000, महिना दहा टक्क्यांनी. नुसतं व्याज 2,000, मुद्दल जागच्या जागी. हा भाऊ खलनायकासारखा येत नाही; गणपतीची वर्गणी, वाढदिवसाचे फ्लेक्स, पोरांना पेट्रोल, असा येतो. व्याज थकलं की थोरला पोरगा त्याची कामं करायला लागतो. गुंडगिरी घरात शिरते ती या दारातून, आणि वाचकाला तारीखवार पटते.

पार्किंगमधल्या गाड्या पेटवण्याचा प्रसंग घ्यायचा मोह नाशिकवर लिहिताना होतोच. घ्या, पण सकाळ लिहा. जुन्या बाइकला बहुधा थर्ड पार्टी विमा असतो, त्यात आपली गाडी जळाल्याचा छदामही मिळत नाही. कर्जाचा हप्ता मात्र चालू. पंचनामा होईपर्यंत सांगाडा हलवायचा नाही, सातची शिफ्ट चुकते, हजेरी जाते. ज्वाळांना चार ओळी पुष्कळ झाल्या.

भाषेचं एक. सिडकोत कसमादे (कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा) आणि खानदेशातून आलेली घरं भरपूर आहेत, त्यामुळे सगळ्यांच्या तोंडी एकच ‘झोपडपट्टी मराठी’ घातली की नाशिक संपलं. पोरगा रात्री दहाला चप्पल घालतो, आई आतून अहिराणीत विचारते, ‘कथा चालना रे भाऊ?’, कुठे चाललास. तो ‘आलोच’ एवढंच म्हणतो, मराठीत. खाली गाडी चालू ठेवून दोघं उभे असतात.