क्लार्क गेली, मग आयोवाचं काय झालं?

केटलिन क्लार्क असताना अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठाच्या मुलींच्या बास्केटबॉल टीमची मॅच बघणं सोपं होतं, बॉल तिच्याकडे द्या आणि गंमत बघा. शेवटच्या सीझनला मॅचमागे 31.6 पॉइंट आणि वर जवळपास 9 असिस्ट, म्हणजे दुसऱ्या कोणी बास्केट केली तरी पास बऱ्याच वेळा हिचाच. एवढं सगळं एकटीतून यायचं आणि 2024 ला ती प्रो खेळायला गेली, त्यात कोच लिसा ब्लूडरही रिटायर, सोबत केट मार्टिन वगैरे जुन्या मुलीही गेल्या. घरातली कर्ती माणसं एकदमच गेल्यासारखं झालं बघा.

जॅन जेन्सन कोच झाली, पण ती कित्येक वर्षं ब्लूडरचीच असिस्टंट, त्यामुळे घडी फार विस्कटली नाही. व्हिलानोवा विद्यापीठातून लूसी ओल्सन आली. लोक लगेच तिला "नवी क्लार्क" म्हणायला लागले, मला ते जाम खटकायचं, बिचारीवर कशाला ओझं! जानेवारीत सलग 5 मॅच हरले तेव्हा तर मी पण म्हटलं, संपलं आता.

आणि मग 2 फेब्रुवारी 2025. क्लार्कची 22 नंबरची जर्सी रिटायर करायचा (म्हणजे तो नंबर पुन्हा कुणाला द्यायचा नाही) दिवस, ती स्वतः हजर, समोर देशात चौथ्या नंबरची यूएससी (सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठ), आणि आयोवानं 76-69 नं मॅच मारली, ओल्सनचे 28 पॉइंट!! क्लार्क बाजूला बसून टाळ्या वाजवतेय, मला तर भरूनच आलं.

पुढे मार्चमध्ये कॉलेजांच्या राष्ट्रीय स्पर्धेत दुसऱ्या राउंडला ओक्लाहोमानं 96-62 असं धुतलं, ते जाऊ दे.