ज्या सुरुंगांचा नकाशाच नाही: दोंग हा ते सेपोन, मार्ग क्रमांक 9

व्हिएतनामला जाणारे आमच्या ओळखीतले बहुतेक लोक हानोई, हा लाँग बे, दा नांग, सायगाव एवढं करून परततात. मधला क्वांग त्री भाग गाडीतून मागे पडतो. आम्ही मुद्दाम तिथे उतरलो आणि दोंग हापासून मार्ग क्रमांक 9 धरून पश्चिमेला लाओसमधल्या सेपोनपर्यंत गेलो. विमानातून सुरुंग पेरून जंगलाची वाट बंद करण्याचा जगातला पहिला मोठा प्रयोग याच पट्ट्यात झाला, आणि तो जागेवर जाऊन समजून घ्यायचा होता.

ह्वेहून रेल्वेने किंवा बसने दोंग हा गाठता येतं, अंतर सत्तर किलोमीटरच्या आसपास. 2025 मध्ये क्वांग त्री आणि क्वांग बिन्ह हे प्रांत एकत्र झाले, त्यामुळे जुने आणि नवे पत्ते जुळत नाहीत. हॉटेलचं नाव व्हिएतनामीत लिहून घ्या. दोंग हामध्ये सगळ्यात आधी सुरुंगविषयक माहिती केंद्रात जा. ‘प्रोजेक्ट रिन्यू’ ही संस्था 2001 पासून या भागात स्फोटकं शोधून निकामी करते, हे केंद्र तिच्याच कामातून उभं राहिलं. उघडण्याच्या वेळा आधी विचारून घ्या. पुढे जे जे दिसतं ते इथे तास-दोन तास घालवल्याशिवाय नीट कळत नाही, म्हणून हा टप्पा गाळू नका.

व्हिएतनाम युद्ध चालू असताना, 1966 च्या उन्हाळ्यात, ‘जेसन’ या अमेरिकी शास्त्रज्ञांच्या गटाने संरक्षणमंत्री मॅकनमारा यांना एक योजना दिली. उत्तर व्हिएतनामवरच्या बॉम्बफेकीने दक्षिणेकडे जाणारी माणसं आणि सामान थांबत नव्हतं. तेव्हा ज्या वाटेने हे सगळं लाओसच्या जंगलातून दक्षिणेला जाई, त्या हो ची मिन्ह मार्गावर विमानातून संवेदक (हालचाल टिपणारी यंत्रं) आणि सुरुंग टाकावेत आणि हालचाल कळली की बॉम्बफेक करावी, असं त्यांनी सुचवलं. त्यांचा अंदाज होता दरमहा 2 कोटी ‘ग्रॅव्हल’ सुरुंगांचा. दरमहा! कारण हे सुरुंग काही काळाने निकामी होतील, म्हणून पेरणी चालूच ठेवावी लागेल, हे त्यांनी हिशेबातच धरलं होतं. खर्च वर्षाला सुमारे 80 कोटी डॉलर.

ग्रॅव्हल म्हणजे कापडाची चपटी पिशवी, आत स्फोटक. विमानात असताना ती द्रवरूप फ्रीऑनमध्ये (फ्रिजमध्ये वापरत तो वायू) भिजवलेली असे, म्हणजे हाताळताना फुटत नसे. खाली पडल्यावर फ्रीऑन उडून जाई आणि पिशवी पावलाच्या दाबाची वाट पाहत राही. रंग पाचोळ्याचा. माणूस मारण्यापेक्षा त्याचं पाऊल निकामी करणं हा हेतू, कारण एका जखमीला उचलायला आणखी दोघं-तिघं लागतात. ‘ड्रॅगनटूथ’ नावाचा दुसरा सुरुंग पंखवाला होता, वावळ्याच्या चकतीसारखा भिरभिरत खाली येणारा. सोव्हिएत सैन्याने त्याचीच नक्कल करून पुढे अफगाणिस्तानात टाकली, आणि तिथल्या मुलांनी ती खेळणं समजून उचलली. तिसऱ्या प्रकारातून जमिनीवर पडल्यावर बारीक तारा चहूकडे फेकल्या जात; तार ओढली गेली की स्फोट.

संवेदकांचे संदेश आकाशात घिरट्या घालणाऱ्या विमानांमार्फत थायलंडमधल्या नाखोन फानोमच्या तळावर जात आणि तिथले संगणक लक्ष्य ठरवत. ‘इग्लू व्हाइट’ हे या मोहिमेचं नाव. मार्गाची वाहतूक तिने कधीच थांबली नाही. हा मार्ग म्हणजे एक रस्ता नव्हताच, फाटे फुटलेल्या वाटांचं जाळं होतं. एक बंद झाली की लोक दुसरीने जात.

दोंग हा ते खे सान्ह हे अंतर साठ-पासष्ट किलोमीटर आहे. रस्ता उत्तम, डोंगर हिरवे, वर पोचल्यावर लाल माती आणि कॉफीचे मळे. इथल्या जुन्या अमेरिकी तळाच्या ता कोन धावपट्टीवर संग्रहालय आहे, बाहेर हेलिकॉप्टरं आणि मालवाहू विमान उभं आहे. जानेवारी 1968 मध्ये या तळाला उत्तर व्हिएतनामी सैन्याचा वेढा पडला तेव्हा हो ची मिन्ह मार्गासाठीचे संवेदक घाईने इकडे वळवले गेले. हिवाळ्यात इथे दाट धुकं असतं. फेब्रुवारीअखेर ते एप्रिल हा काळ मला योग्य वाटतो. दोंग हाकडचा मोठा पाऊस सप्टेंबरपासून, डोंगरापलीकडचा मेपासून.

आता सुरक्षिततेचं, आणि हे कृपा करून मनावर घ्या. हाताने सुरुंग पेरणारं सैन्य निदान नकाशा काढू शकतं. विमानातून टाकलेल्याचा नकाशा कोण काढणार? 2000 साली अमेरिकेने बॉम्बफेकीच्या नोंदी व्हिएतनामला दिल्या, त्यांचा शोधपथकांना मोठा उपयोग झाला. पण विमानाने माल कुठे सोडला ते नोंदीत असतं. वारा, झाडांचे शेंडे आणि पुराचं पाणी यांनी तो कुठे नेला ते नसतं. म्हणून रुळलेली वाट सोडू नका. लघवीसाठी गाडीतून उतरलात तरी झुडपात शिरू नका. पूर येऊन गेला असेल तर कालची वाट आज तशीच सुरक्षित धरू नका. जमिनीवर चूल किंवा शेकोटी पेटवू नका. मातीत पुरलेले छोटे बॉम्ब उष्णतेने फुटतात, लाओसमध्ये लोक असेही दगावतात. धातूचा तुकडा उचलू नका, आठवण म्हणून विकतही घेऊ नका. तुम्ही दिलेल्या पैशासाठीच उद्या कोणाचा तरी मुलगा रानात भंगार शोधायला जातो.

कापडी सुरुंग ओलाव्याने केव्हाच कुजले असावेत, पण क्लस्टर बॉम्बमधून (हवेत उघडून असंख्य छोटे बॉम्ब विखुरणाऱ्या बॉम्बमधून) पडलेले चेंडूएवढे ‘बॉम्बी’ टिकून आहेत. 1964 ते 1973 या काळात लाओसवर असे सुमारे 27 कोटी टाकले गेले आणि जवळपास 8 कोटी फुटलेच नाहीत, असा अंदाज आहे. सुरुंग म्हणून बनवलेले नसले तरी आज ते सुरुंगच आहेत. 2016 मध्ये अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष ओबामा लाओसच्या राजधानीत, व्हिएन्तियानला, आले आणि ही स्फोटकं काढण्यासाठी तीन वर्षांसाठी 9 कोटी डॉलर जाहीर केले. नुकसानाच्या मानाने मला ही रक्कम फार तोकडी वाटते.

लाओ बाओची सीमा ओलांडल्यावर वीसेक किलोमीटरवर बान दोंग लागतं. हो ची मिन्ह मार्ग तोडण्यासाठी दक्षिण व्हिएतनामी सैन्य लाओसमध्ये घुसलं, त्या 1971 च्या लाम सोन 719 मोहिमेतले रणगाडे तिथल्या छोट्या संग्रहालयात आहेत. सेपोनपर्यंत मुख्य रस्त्याने निर्धास्त जा. आडगावात जायचं तर त्याच गावचा माणूस सोबत हवा. व्हिएतनामच्या ई-व्हिसासाठी लाओ बाओ चालतं. लाओसचा ई-व्हिसा मात्र सगळ्या चौक्यांवर चालत नाही, आपल्या चौकीचं नाव यादीत आहे का ते निघण्यापूर्वी पाहा. शाकाहारींनी ‘चाय’ (म्हणजे शाकाहारी, चहा नव्हे) हा व्हिएतनामी शब्द पाठ करावा, आणि सेपोनकडे फळं-बिस्किटं जवळ ठेवावीत. प्रवास विम्यात युद्धकालीन स्फोटकांची इजा वगळली आहे का, ते कलम वाचून घ्या. दुपारनंतर सीमेपलीकडे वाहनं विरळ होतात, तेव्हा उशीर झाला तर खे सान्हलाच मुक्काम करून सकाळी निघा.